लोखंडी चाकाचा आवाज

माझी मोटर लढाईतली आहे. लढाई संपल्यावर सरकारने गाड्या लिलावात काढल्या तेव्हा मी ती नागपुरातून आणली. मागच्या मोकळ्या हौद्यात लाकडी बाकं ठोकली, वर पत्रा घातला आणि मूल स्टेशन ते व्याहाडचा घाट अशी सर्व्हिस सुरू केली. सकाळच्या आगगाडीचे उतारू घ्यायचे, सावली गावावरून वैनगंगेच्या घाटावर सोडायचे. तिथून लोक नावेने पलीकडे गडचिरोलीच्या बाजूला जातात. दुपारी घाटावरून परत मूल, आणि संध्याकाळी मूलहून सावली. सावलीला माझं घर आहे.

आम्ही जातीने धीवर. बापाचा धंदा डोंग्याचा आणि जाळ्याचा. मी लष्करात मोटर हाकायला शिकलो आणि मोटरच धरली. गिरजाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेरही नदीकाठचंच. तिचा चुलतभाऊ डोमा घाटावर नाव चालवतो; बहिणीचा नवरा म्हणून मला भाटवा म्हणतो. त्याची झोपडी पलीकडच्या थडीवर, करंजांच्या मागे आहे. तिथून अलीकडचा घाट दिसत नाही, म्हणून डोमा कानाने काम करतो. माझी मोटर मोहाच्या वळणावर उतरायला लागली की त्याला आवाज जातो. मी घाटावर पोचेपर्यंत त्याची नाव अर्ध्या पाण्यात असते. लोकांना रेतीत बसून राहावं लागत नाही. भोंग्याकडे तो लक्ष देत नाही. ठेकेदाराच्या गाड्या बांबू भरायला घाटावर येतात आणि त्यांचे ड्रायव्हर दिवसभर उगाच भोंगे वाजवतात.

गिरजाही तसंच करायची. संध्याकाळी गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर मोटर चढली की ती भात टाकायची. मी गाडी उभी करून, हातपाय धुऊन बसेपर्यंत भात उतरलेला असायचा. एकोणीस वर्षांच्या संसारात मोटरची वर्षं आठ. तेवढ्यात एकदाही मला थंड भात मिळाला नाही.

आता चाकाचं सांगतो.

या इंजिनात पुढच्या बाजूला दोन दातेरी चाकं एकमेकांत बसतात. लहान चाक लोखंडी आहे. मोठ्या चाकावर झडपांच्या उघडझापीची वेळ ठरते, म्हणून त्याला टायमिंगचं चाक म्हणतात. ते फायबरचं असतं, म्हणजे कापड आणि राळ दाबून केलेलं. लोखंडावर मऊ चाक फिरलं की आवाज होत नाही. पण मऊ चाकाचे दात झिजतात. ते कधी जातील हे बाहेरून कळत नाही. ज्या दिवशी जातात त्या दिवशी इंजिन एकदम गप्प होतं.

मागच्या कार्तिकात, धान कापणीच्या दिवसांत, ते गेलं. गिरजाला चार दिवसांपासून ताप होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मोटरने मूलच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. संध्याकाळी मूलहून येताना जंगलात इंजिन बंद पडलं. हँडल मारलं तर हलकंच फिरलं, तेव्हाच मी समजलो. उतारू पायी पुढे गेले. मी गाडीजवळ थांबलो. ड्रायव्हर गाडी सोडून जात नाही, असं मला लष्करात शिकवलं होतं, आणि तेव्हा मला ते बरोबर वाटलं. दुसऱ्या दिवशी बैल जुंपून गाडी ओढत मी दुपारी सावलीला आलो. गिरजा पहाटेच गेली होती.

शेजारची गुणाबाई तिच्याजवळ होती. तिने मला एवढंच सांगितलं, "सांजेपासून कान देऊन होती, भाऊ. दोनदा म्हणाली, आता पाळीवर असतीन, भात टाका."

त्यानंतर मी मिस्त्रीकडून एक जुनं फायबरचं चाक बसवून घेतलं आणि कामाला लागलो. दुसरं काही करायला नव्हतं.

आम्हाला एकच मुलगी, कमळा. तिला पलीकडे गडचिरोलीजवळ दिली आहे. या माघात तिला आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी आमच्याकडे रीत आहे. गिरजाने जुन्या लुगड्यांची तीन दुपटी शिवून पेटीत ठेवली होती. चौथं अर्धं राहिलं आहे. सुई त्यातच टोचलेली आहे.

मी कमळाच्या सासरी बोलायला गेलो. तिची सासू धुरपताबाई, माझी ईनबाई, सरळ बोलणारी बाई आहे.

"रागावू नका, इवाई," ती म्हणाली. "पण आई नाई त्या घरी लेकराचं कोण करन? तुम्ही काय मोटरीचं तेल लावान त्याले?"

"गुणाबाई आहे शेजारी," मी म्हणालो. "गावातली अर्धी लेकरं तिच्याच हातची आहेत."

तिने सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाली, "फागुनाच्या आमोशाच्या आदल्या दिवशी या. मी हिले घेऊन थडीवर बसतो. पण दुपारच्या आत. आमोशा लागली की पोटुशी बाई नदी ओलांडत नाई, अन पुढं तिचे दिवस भरतीन. तुमची मोटर आली नाई तर मी बैलबंडी वापस फिरवतो. मग इथीच होईन बाळंतपण."

"येतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण परत येताना मी सगळ्या वाटेने इंजिनच ऐकत होतो. दातांचा बारीक टकटक आवाज यायला लागला होता.

मूलला मनसाराम मिस्त्रीची शेड आहे. त्याने पुढचं झाकण खोलून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. दात वस्तऱ्याच्या पात्याएवढे पातळ झाले होते.

"हे पंधरा दिवस चालन," तो म्हणाला, "नाई तर पंधरा मिनिटं."

आठवड्याने तो नागपूरला जाऊन दोन चाकं घेऊन आला. शेडमध्ये पोत्यावर त्याने दोन्ही मांडली. एक फायबरचं, कागदी डब्यातलं, नवं. दुसरं लोखंडी, नागपूरच्या एका खराद्याने लेथवर कापलेलं. ते उचललं तर हात खाली गेला. ठेकेदाराच्या गाडीवरचा बिरजू ड्रायव्हर तिथेच टायरवर बसून बिडी ओढत होता.

"विचारू नका, लोखंडी टाका," बिरजू म्हणाला. "आमच्या चारी गाड्यांले तेच आहे. दोन वर्सं झाली, पाना लावला नाई. बांबू भरून चढ चढतो."

"अन आवाज?" मनसाराम म्हणाला.

"आवाज काय, माझ्या बायकोहून कमीच आहे." एवढं बोलून बिरजूने माझ्याकडे पाहिलं आणि बिडी विझवली. "चुकलं, भाऊ."

"बोल रे. काही होत नाही," मी म्हणालो.

मनसारामने फायबरचं चाक हातात घेऊन नखाने टोकरलं. "हे नवं आहे, पण डबा कधीचा आहे कोण सांगन? गोदामात वाळलं असन तर दात पापडावानी जातीन. नसन वाळलं तर दीड वर्स, दोन वर्सं. एक मात्र आहे. फायबर मरते तं एकटं मरते. बाकी इंजिनाले काई होत नाई. तेलाचा तळ धुतला, नवं टाकलं, चालू."

"आणि हे?"

"हे तुटत नाई. पण लोखंडावर लोखंड घासते, म्हणून रडते. तेल चांगलं पाहिजे अन रोज पाहा लागते. तेलात कणी फिरली तर बेरिंग खाते. एका दिवशी नाई, हळूहळू खाते. मग खर्च इंजिनाचा."

"मग तू काय टाकशील, मिस्त्री?" मी विचारलं.

"मी?" त्याने डोकं खाजवलं. "मी फायबर टाकन अन दर वर्सी मोडायच्या आधीच बदलन. दिवाळी आली की चाक नवं. ज्याची गाडी रोज त्याच रस्त्यानं फिरते त्यानं तसंच करा लागते. मले तर तेच शहाणपणाचं दिसते."

ते शहाणपणाचंच होतं. आजही मी म्हणतो, दुसऱ्या कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण मी त्या डब्याकडे पाहत होतो. डबा नवा होता, चाकही नवंच दिसत होतं. कार्तिकात गेलेलं चाकही बसवताना नवंच दिसत होतं. आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि कानाला उशिरा कळतं.

"एकच सांग," मी म्हणालो. "लोखंडी चाक रस्त्यात थांबवन काय?"

"रस्त्यात नाई थांबवणार. आधी रडन, महिना महिना रडन, मग थांबवन."

"मग तेच टाक."

बिरजूने मांडीवर थाप मारली. मनसारामने फायबरचं चाक डब्यात घालून माझ्या हातात दिलं. "हे सीटखाली ठेवा. वापस नेत नाई मी."

काम आठ दिवस चाललं. रेडिएटर काढला, दांडा बाहेर काढला, तळ खोलून जुन्या चाकाचा भुसा धुतला. लोखंडी चाक कढईत तेलात तापवून दांड्यावर बसवलं, दोन्ही चाकांच्या खुणा जुळवल्या. मोटर बंद असल्यामुळे लोक बंडीने किंवा पायी घाटावर जात होते. मी बिरजूच्या हाती डोमाला निरोप पाठवला की अमावास्येच्या आदल्या दिवशी मी नक्की येतो. चाकाचं काही कळवलं नाही. ते कळवायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही.

मोटर शेडमधून बाहेर निघाली ती ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. हँडल मारलं आणि मी दचकलो. पूर्वीची मोटर मंद आचेवरच्या भातासारखी बुडबुडायची. ही तोंड वर करून रडत होती. वेग वाढवला की आवाजही चढायचा.

"रडते हो," मी म्हणालो.

"सांगितलं होतं," मनसाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उतारू भरून निघालो. सावली गावात एका म्हाताऱ्याने हात केला नाही, तसाच उभा राहिला. मी थांबलो तर म्हणाला, "तुमी हो काय? मले वाटलं ठेकेदाराची लॉरी." लोक हसले, मीही हसलो. इंजिन मात्र चांगलं ओढत होतं. चढावर पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये धाकधूक व्हायची, ती आज नव्हती. मोहाच्या वळणावर पोचलो तेव्हा दहा वाजले होते. मी मुद्दाम खालच्या गिअरमध्ये जोरात उतरलो, म्हणजे डोमाला नीट ऐकू जावं.

घाटावर आलो. पाण्यावर नाव नव्हती.

थोडा वेळ वाट पाहिली. उतारू उतरून रेतीत गेले. त्यांनी डोक्यावर पंचे घेतले. मी भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला. पलीकडे काही हललं नाही. हाका मारल्या, पण वारा उलटा होता.

"डोमा मासोळी खाऊन झोपला वाट्टे," एकजण म्हणाला.

"अजी, त्याची बायको माहेरी गेली असन, तो मागं गेला असन," दुसरा म्हणाला.

मी तिसऱ्यांदा भोंगा दाबत होतो तेव्हा बांबूच्या ढिगाजवळून बिरजू चालत आला. त्याची गाडी भरून उभी होती. तो माझ्या इंजिनाकडे पाहून म्हणाला, "सोमाजीभाऊ, उतारावर मले वाटलं आमचीच दुसरी गाडी आली."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. डोमाने आवाज ऐकला होता. तो आवाज माझा नव्हता. पलीकडे करंजाखाली ईनबाई बंडी घेऊन बसली असेल, कमळा बसली असेल, आणि ते सगळे माझ्या मोटरचा आवाज ऐकायला कान देऊन असतील. मोटर इथे उभी होती. पुन्हा तेच. फरक एवढाच की या वेळी ती बिघडलेली नव्हती.

सूर्य वर येत होता. मी क्लीनर ठेवलेला नाही. गाडी सोडली तर गाडीजवळ कोणी नाही, आणि बाकांवर लोकांचं सामान. लष्करातलं शिकवणं मला आठवलं. मी चावी काढून बिरजूच्या हातात दिली.

"गाडीजवळ बस. मी येतो."

"कुठी जाता?"

कोणा मासेमाराचा डोंगा काठावर उपडा पडला होता. मी तो सरळ केला. वल्ह्याला सोळा वर्षांत हात लावला नव्हता. उतारू काठावर येऊन पाहायला लागले.

"पाहा बापा, मोटरवाला डोंगा हाकून राह्यला!"

"भाऊ, याले लोखंडी चाक टाका!" बिरजू ओरडला.

पहिल्यांदा डोंगा दोनदा आडवा झाला. मग हातांना आठवलं. मधल्या धारेत पाण्याने मला बरंच खाली ओढलं. पलीकडे लागलो तेव्हा तळहात सोलले होते. मी डोंगा रेतीत ओढला आणि थडी चढून धावलो.

बंडी फिरलेली होती. जवाई बैलांच्या कासऱ्याला हात घालून उभा होता. धुरपताबाई बंडीत चढून बसली होती आणि डोमा कमळाला चढायला हात देत होता.

"थांबा!" मी म्हणालो. मला पुढे बोलता येईना, दम लागला होता.

"इवाई?" धुरपताबाई माझ्या ओल्या धोतराकडे पाहत म्हणाली. "पोहून आले काय? मोटर कुठी आहे?"

"घाटावर. तासाभरापासून उभी आहे."

"आवाज तं आला नाई," डोमा म्हणाला. "एक आला, ते ठेकेदाराची लॉरी होती. मी उठलोच होतो नाव सोडाले. कमळाच म्हणाली, मामा, बसा, हे बाबाची नाई."

मी कमळाकडे पाहिलं. तिचं तोंड उतरलं होतं. "मले वाटलं मी चुकत नाई," ती म्हणाली. "आईसंग पाळीवरचा आवाज मी रोज ऐकला आहे, बाबा. आपली मोटर अशी नाई बोलत. हे तर कोल्ह्यावानी रडून राह्यली होती. तुम्ही चाक बदललं काय?"

"लोखंडी टाकलं."

"काऊन?"

"रस्त्यात थांबू नये म्हणून."

तिला कार्तिकाचं सगळं माहीत होतं. धुरपताबाईलाही माहीत होतं. ती बंडीतून खाली उतरली, आपलं बोचकं उतरवलं आणि म्हणाली, "डोमा, नाव सोड. दुपार व्हाची आहे अजून. मीही येतो घाटापर्यंत. या माणसाच्या हाताले हळद लावा लागन."

नावेत कमळा माझ्याजवळ बसली. अर्ध्या पाण्यात आल्यावर मी तिला म्हणालो, "नवं फायबरचं चाक सीटखाली आहे. मनसाराम चार दिवसांत बदलून देईल. मग मोटर पूर्वीसारखी बोलेल."

"अन कधी थांबली तर?"

"थांबू शकते."

तिने पाण्यात हात घातला आणि तो हात पोटावर ठेवला. "मग रडू द्या तिले," ती म्हणाली. "आवाज काय, आठ दिवसांत शिकून घेऊ."

डोमा वल्हं मारता मारता म्हणाला, "मले चार दिवस लागतीन. पण आधी सांगत जा ना, भाटवा. घर बदलते तं माणूस पाव्हण्याले कळवते."

अलीकडे आल्यावर मी इंजिन चालू केलं आणि डोमाला वळणापर्यंत गाडीत घेऊन गेलो. ठेकेदाराच्या गाडीहून माझ्या गाडीचा आवाज थोडा जाड आहे, असं त्याने सांगितलं. मला तो फरक कळला नाही. मग तो खोळंबलेले उतारू न्यायला चालत खाली गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची नाव वेळेवर यायला लागली.

कमळाला घरी आणून आता बारा दिवस झाले. गुणाबाई रोज येते, पोटाला हात लावून पाहते आणि म्हणते, आणखी आठवडा. कमळाने पेटी उघडून चौथं दुपटं काढलं. सुई गंजली होती, म्हणून तिने दुसरी घेतली. गंजलेली सुई मी माझ्या पान्यांच्या डब्यात ठेवली आहे.

काल संध्याकाळी मी मोटर उभी करून आत आलो. अजून उजेड होता. चुलीवर भात उतरलेला होता. मी हातपाय धुऊन पाटावर बसलो, तर कमळा वाढायचं सोडून तशीच उभी राहिली.

"बाबा, तेल पाह्यलं काय?"

"सकाळी पाहिलं."

"सकाळचं सकाळी. आज पाळीवर जास्त रडली. परवापेक्षा बारीक अन जास्त."

"चढावर रडतेच ती."

"चढ रोजचाच आहे," ती म्हणाली.

मी उठलो. बाहेर जाऊन बॉनेट उघडलं, तेलाची सळई काढून पुसली, पुन्हा घातली आणि उजेडाकडे धरली. तेल खुणेच्या दोन बोटं खाली होतं. पुढच्या झाकणाखाली हात फिरवला तर हात काळा झाला. झाकणाचा एक बोल्ट सैल होता. मी पाना आणून तो आवळला. डब्यातलं तेल घातलं आणि पुन्हा सळई पाहिली.

आतून कमळाने हाक मारली. "या आता. भात निवून राह्यला."